न पाहिलेल्या माणसाचा दुखवटा

(पेडणे तालुक्यातील एका स्मृति-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना आज इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांनी पाहिलेलं नाही. मीही नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेले काही ज्येष्ठ पहिल्या रांगेत आहेत. बाकी आपण सगळे ऐकीव आठवणींवर इथे येतो. तरी मघाशी तसबिरीला हार घातला तेव्हा सभागृह गप्प झालं, आणि ती शांतता दिखाऊ नव्हती. न पाहिलेल्या माणसासाठी मन भरून येतं, याला मला दुसरा पुरावा नको.

आपल्या तालुक्याला तर हे मुळीच नवं नाही. १५ ऑगस्ट १९५५ ला गोवामुक्तीच्या सत्याग्रहात पत्रादेवीला पोर्तुगीजांच्या गोळीने कर्नैलसिंग पडले. ते पंजाबातल्या लुधियाना जिल्ह्यातल्या इसरू गावचे. त्याच दिवशी इथे तेरेखोलला पनवेलचे हिरवे गुरुजी गेले. त्याच्या आदल्या वर्षी, १९५४ च्या १५ ऑगस्टला, आल्फ्रेड आफोन्सो आणि त्यांच्या साथीदारांनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा चढवला होता आणि त्यापायी तुरुंग भोगला होता. इसरू कुठे, पेडणे कुठे! कर्नैलसिंगांना इथे कोण ओळखत होतं? पण पत्रादेवीच्या स्मारकाशी गेल्यावर आपला आवाज आपोआप खाली येतो.

हुतात्म्याच्या दुःखाला मात्र स्मारक मिळतं, तारीख मिळते, मानवंदना मिळते. मला आज बोलायचंय ते यातलं काहीच ज्याला मिळत नाही अशा दुःखाबद्दल. फोनवर नाहीतर संगणकावर ओळख झालेली, रोज बोलणारी, कधीच समोर न आलेली मैत्रीण मरते, तेव्हा मागे राहिलेल्याने काय करायचं?

माझं स्वतःचं सांगते. मी केरीची. शाळेतून निवृत्त झाल्यावर मला धालोची गाणी ध्वनिमुद्रित करण्याचा नाद लागला. इथल्या बायकांना धालो सांगायला नकोत, पण बाहेरून आलेल्यांसाठी सांगते. पौषात रात्री मांडावर बायका समोरासमोर दोन ओळी धरतात, एकमेकींच्या कमरेला हात घालून वाकत, उठत, पुढेमागे होतात. एका ओळीने गाणं म्हणायचं, दुसरीने उचलायचं. ही गाणी म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी आहेत, कागदावर फार थोडी उतरलीत. एखादी म्हातारी गेली की पुढच्या पौषात तिच्याबरोबर एखादं गाणंही नसतं. मी घेतलेलं असंच एक गाणं कोणी कोणाला पाठवलं, त्याने आणखी कोणाला, असं फिरत फिरत इंदूरला एका बाईंच्या फोनवर पोचलं. त्यांनी नंबर मिळवून मला निरोप पाठवला. डोळ्यांना कमी दिसायचं, म्हणून त्या लिहीत नसत, बोलूनच पाठवत. पहिलंच वाक्य असं: "बाय गो, तिसरी ओळ तुमची चुकली. आमच्याकडे ती अशी नाय." आणि लगेच त्यांनी ती ओळ म्हणून दाखवली.

त्यांचं माहेर शिरोड्याच्या बाजूचं. म्हणजे केरीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने तेरेखोलला उतरायचं आणि रेडीवरून पुढे जायचं, एवढंच अंतर. पण त्या लग्न होऊन इंदूरला गेल्या तेव्हा गोव्यात पोर्तुगीज होते. तेरेखोलचा किल्ला मूळ सावंतवाडीकरांचा. पोर्तुगीजांनी तो १७४६ मध्ये घेतला, आणि नदीच्या उत्तरेला असूनही हे एवढंसं गाव गोव्यात राहिलं ते त्यामुळेच. लहानपणी त्यांनी हा किल्ला पाहिला तो पलीकडून, दुसऱ्याच्या राज्यातला म्हणून. त्यांची गाणी आणि आमची गाणी मात्र एकाच घरची होती. मधल्या सीमेने एखादी ओळ इकडची तिकडे केली असेल, तेवढंच.

पुढे वर्षानुवर्षं आमचं बोलणं चाललं. त्यांच्या निरोपात मागे कुकरची शिट्टी यायची. शिट्टी झाली की त्या थांबायच्या, ती पुरती संपू द्यायच्या आणि गाणं जिथे सोडलं तिथूनच धरायच्या, सूर जराही न हलता. माझ्या निरोपात त्यांना फेरीबोटीचं इंजिन ऐकू यायचं. एकदा म्हणाल्या, "आज बोलू नको, नुसता बोटीचा आवाज पाठव." मी धक्क्यावर जाऊन उभी राहिले आणि पाठवला. त्यांनी नवऱ्याच्या आजारपणाचं सांगितलं, मी माझ्या भावाच्या व्यसनाचं सांगितलं. माझ्या सख्ख्या नात्यातल्या कितीतरी जणांना मी ते आजवर सांगितलेलं नाही.

एका पावसाळ्यात मी पाठवलेल्या निरोपाखाली एकच करडी टिक राहिली. म्हटलं, फोन बिघडला असेल. बऱ्याच दिवसांनी दुसरी टिक उमटली आणि माझा जीव भांड्यात पडला. निरोप ऐकला का म्हणून उघडून पाहते तर त्यांच्या नावापुढचं चित्र बदललेलं. तिथे आधी तुळशीचं रोप होतं. आता त्यांचा स्वतःचा फोटो होता, त्याला चंदनाचा हार, आणि खाली दोन तारखा. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला तो असा.

शेजारीण दारात होती. माझ्याकडे पाहून तिने विचारलं, "कोण गेलं?" म्हटलं, इंदूरच्या एक बाई. "तुमच्या कोण त्या?" मला सांगता येईना. बहीण म्हटलं तर खोटं, मैत्रीण म्हटलं तर पुढचा प्रश्न: कुठे भेटलात? शेजारीण मायाळू आहे, दुसऱ्या कोणाचं मरण असतं तर दिवसभर माझ्याजवळ बसली असती. इथे काय करायचं हे तिला उमगेना, म्हणून तिने बाजारातल्या मासळीच्या भावाची गोष्ट काढली. मी तिला दोष देत नाही.

घरात मयत झालं की आपल्याकडे प्रत्येकाला काम असतं. त्या घरची चूल पेटत नाही, शेजारून पेज येते. कोणी लाकडांचं बघतो, कोणी भटजींना कळवतो, कोणी मुंबईच्या गाडीवरून येणाऱ्यांना घ्यायला जातो. बायका घरच्या बाईजवळ बसून राहतात. मग तिसरा, दहावा, बारावा, तेरावा. ख्रिस्ती घरांत मिसा, महिन्याची मिसा. ही कामं माणसाला हाताला धरून त्या पहिल्या दिवसांतून पुढे नेतात. माझ्या हाताला काहीच नव्हतं. त्या दिवशी मी भाजी निवडली, वीजबिल भरलं आणि संध्याकाळी एका लग्नाला गेले, कारण न जाण्याचं कारण सांगता आलं नसतं.

केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकांनी अशा दुःखावर १९८९ मध्ये एक ग्रंथ संपादित केला. समाज ज्या नात्याला नातं म्हणत नाही, त्या नात्यातला माणूस गेला तर शोक करणाऱ्याला शोकाचा हक्कच मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. घटस्फोट झालेली बायको, लपवावं लागलेलं प्रेम, जन्माला येण्याआधी गेलेलं मूल, ही त्यातली उदाहरणं. ऑनलाइन मैत्री तेव्हा फार थोड्यांना ठाऊक होती, पण डोकांनी घातलेल्या चौकटीत ती बरोबर बसते.

मला प्रश्न पडला की आपल्या जुन्या माणसांनी याचा विचार केला होता की नाही. केला होता, आणि पुष्कळ केला होता.

तमिळ संघम साहित्यातल्या पुरनानूरु या संग्रहात एका राजाची आणि एका कवीची हकीगत येते. राजा कोप्पेरुंचोळन चोळांचा, उरैयूरचा. कवी पिसिरांदैयार पांड्यांच्या मुलखातला. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. एकमेकांबद्दल ऐकून, कवितांतून जडलेला स्नेह होता. पुढे मुलांनी बंड केलं आणि खचलेला राजा उत्तरेकडे तोंड करून अन्नपाणी सोडून बसला. सोबतच्यांना त्याने सांगितलं, माझ्या शेजारी पिसिरांदैयारसाठी जागा ठेवा. लोकांना नवल वाटलं. ज्याने कधी तोंड दाखवलं नाही तो आता मरायला येईल? तो आला, आणि त्यानेही तिथेच देह ठेवला. मरणाची गोष्ट बाजूला ठेवली तरी मला त्या राखून ठेवलेल्या जागेचं फार वाटतं. राजाने मित्राची ओळख पटवून दिली नाही की पुरावा दिला नाही. जागा ठेवा म्हणाला.

आपल्या सुतकाच्या नियमांतही एक गोष्ट आहे, ती आपण विसरलो. सुतकात विटाळाची जी कल्पना आहे ती मला मान्य नाही. तिने बायकांना आणि खालच्या मानलेल्या जातींना काय सोसायला लावलं हे आपल्याला ठाऊक आहे. पण शोकाचं वेळापत्रक म्हणून ते नियम पाहिले तर त्यांत बारकावा आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात परदेशी मेलेल्या माणसाची बातमी उशिरा आली तर काय करायचं ते सांगितलं आहे. दहा दिवसांच्या आत कळलं तर उरलेले दिवस पाळायचे, नंतर कळलं तर तीन रात्री, वर्ष उलटून गेल्यावर कळलं तर स्नान. म्हणजे मरण ऐकणाऱ्याच्या कानावर पडलं तिथून त्याचा शोक धरायचा, हे त्या लोकांनी मान्य केलं होतं. तिथेच आचार्यासाठी आणि सहाध्यायासाठीही दिवस आहेत. सहाध्यायी म्हणजे रक्ताचा कोणी नव्हे. त्याच गुरूकडे त्याच ओळी घोकलेला. त्याच्यासाठी एक दिवस. मी आणि इंदूरच्या त्या बाई एकाच गाण्याच्या सहाध्यायिनीच होतो. पितृपक्षातल्या महालयातही नातेवाइकांची रांग संपल्यावर गुरू, शिष्य, मित्र यांना पिंड असतो. घाईघाईने आटपणाऱ्या घरांतही तो असतो, फक्त तेव्हा कोणाचं नाव घ्यायचं हे यजमानाला आठवत नाही.

आपल्या किनाऱ्यावरच्या मुसलमान बांधवांकडे याहून थेट उदाहरण आहे. हबशांच्या मुलखाचा राजा नजाशी याने मक्केतून जीव वाचवून आलेल्या मुसलमानांना आसरा दिला होता. त्याची आणि पैगंबरांची भेट कधी झाली नाही. तो तिकडे वारला तेव्हा पैगंबरांनी मदीनेत लोकांना रांगेत उभं करून त्याच्यासाठी जनाज्याची नमाज पढली. समोर पार्थिव नव्हतं. यावरून पुढे शास्त्रकारांत मतभेद झाले. हनफी अशी नमाज मानत नाहीत, शाफई मानतात. आणि कोकणी मुसलमान शाफई आहेत. त्यांच्या रीतीत दूर गेलेल्या माणसासाठी इथे उभं राहायला वाव आहे.

तेव्हा परंपरेने दार बंद ठेवलं होतं असं कोणी म्हणू नये. ते आपण बंद केलं, आणि केलं ते बहुधा सोयीसाठी. पूर्वी मरणाचं कार्ड आलं की त्यावर श्री नसायचं, ते उंबऱ्याबाहेर वाचून फाडून टाकत आणि वाचणारा आंघोळीला जाई. त्या कार्डाने माणूस हातातलं काम टाकून उठायचा. आता सुप्रभातचं फूल, कुणाच्या नातवाचा वाढदिवस आणि भावपूर्ण श्रद्धांजली एकाखाली एक येतात आणि अंगठा तिन्हींवरून सारखाच सरकतो. जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं की झालं.

कोविडमध्ये याची झळ सगळ्यांनाच लागली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत अंत्ययात्रेला वीसच्या वर माणसं नकोत असा नियम झाला. आखातात, बोटींवर नोकरीला असलेल्या आपल्या किती मुलांनी आईबापांना अग्नी दिलेला फोनच्या पडद्यावर पाहिला! तेव्हा सख्खा मुलगाही त्याच जागी उभा होता जिथे ऑनलाइन मित्र उभा असतो: दूर, हाताला काम नाही, शेवटचं दर्शन नाही. त्या मुलांना आपण असं म्हटलं नाही की तू तिथे नव्हतास, तेव्हा तुझं दुःख कमी. नसण्याने दुःख वाढतं, हे तेव्हा सगळ्यांना कळलं होतं.

एक हरकत येते आणि ती रास्त आहे. पडद्यामागचा माणूस खरा होता हे कशावरून? फसवणुकी झालेल्या आहेत. अमेरिकेत २००१ मध्ये केसी निकोल नावाच्या रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलीच्या मृत्यूवर शेकडो लोक रडले आणि नंतर कळलं की अशी मुलगी नव्हतीच, एका बाईने ती रचली होती. रडलेल्यांची फार विटंबना झाली. पण त्यांची माया खरी होती, खोटं वागली ती रचणारी. आणि फसवणूक म्हणाल तर ती अक्षता टाकून, मांडवात बसवूनही होते. म्हणून आपण लग्नांवरचा विश्वास सोडलेला नाही. नवं असेल तिथे चौकशी जास्त करावी, इतकंच.

आता ज्या माणसाच्या गोष्टीने मला माझा रस्ता दाखवला त्याच्याविषयी. नॉर्वेतला मॅट्स स्टीन. त्याला डुशेन नावाचा स्नायू झिजवत नेणारा आजार होता. आधी चालणं गेलं, मग हात, शेवटी बोटं हलायची तेवढीच. तो आईवडिलांच्या घराला लागून तळघरातल्या खोलीत राहायचा आणि दिवसाचे कितीतरी तास ऑनलाइन खेळ खेळायचा, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट नावाचा. नोव्हेंबर २०१४ मध्ये तो २५ व्या वर्षी गेला. आईवडिलांचं मोठं दुःख हे होतं की आपल्या मुलाला जगात कोणी मित्र मिळाला नाही, प्रेम मिळालं नाही, तो कोणाच्या उपयोगी पडला नाही. तो इंटरनेटवर आपल्या आयुष्याविषयी लिहायचा. त्या ठिकाणी वडिलांनी मुलगा गेल्याचं लिहिलं आणि खाली आपला पत्ता दिला, कोणाला बोलायचं असेल तर म्हणून. मग पत्रं यायला लागली. एक, दोन, मग रीघ. युरोपभरातून माणसं लिहीत होती. खेळात त्याचं नाव इबेलिन होतं, आणि स्टारलाइट नावाच्या गटात तो सगळ्यांचा आधार होता. हॉलंडमधल्या एका मुलीचा खेळ आईबापांनी बंद केला तेव्हा इबेलिनने त्या आईबापांना समजावणारं पत्र लिहिलं होतं. एका आईचं आणि तिच्या मुलाचं बोलणं तुटलं होतं, ते जुळवायला त्याने मदत केली होती. काही मित्र विमानाने अंत्यविधीला आले आणि त्यातल्या एकाने तिथे भाषण केलं. शवपेटीवर गटाचा ध्वज होता. खेळात मॅट्स रोज एका ठरलेल्या वाटेने धावायचा, तो, ज्याला खोलीत पाय उचलता येत नव्हता. त्याचे मित्र दरवर्षी त्या खेळात जमून त्याच वाटेने धावतात. त्याच्यावरचा माहितीपट २०२४ मध्ये आला, तो मिळवून जरूर पाहा.

त्या मित्रांनी शोकाचा हक्क कोणाकडे मागितला नाही. त्यांच्याजवळ मॅट्सचा जो भाग होता तो त्यांनी त्याच्या आईबापांना आणून दिला. मुलगा ज्यांच्या घरात वाढला, ज्यांनी त्याला भरवलं, त्यांना तो भाग माहीत नव्हता. माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे. दूरच्या मित्राजवळ गेलेल्या माणसाचं असं काही असतं जे घरच्यांजवळ नसतं. ते नेऊन द्यायचं. हेच त्याचं खांदा देणं.

आपल्या साहित्यात हे घडलेलं आहे. जी. ए. कुलकर्णी ११ डिसेंबर १९८७ ला पुण्यात वारले. आयुष्यातली बहुतेक वर्षं धारवाडला काढलेला, सभा-संमेलनं टाळणारा, सहसा कोणाला न भेटणारा हा माणूस. त्यांच्या कथांवरून लोकांनी त्यांचं एक कठोर, काळोखं चित्र केलं होतं. पण ते पत्रं लिहायचे, सुनीताबाई देशपांड्यांना आणि कितीकांना. प्रत्यक्ष सहवास थोडा, पत्रांतला मोठा. ती पत्रं ज्यांच्याकडे होती त्यांनी ती जपली आणि जी. ए. गेल्यावर वाचकांपुढे ठेवली. सुनीताबाईंनी त्यांना लिहिलेली पत्रंही पुढे 'प्रिय जी. ए.' म्हणून आली. त्या पत्रांतले खोडकर, खायच्या वस्तूंवर बोलणारे, माणसांविषयी हळवे असणारे जी. ए. मराठीला मिळाले ते पत्रं घेणाऱ्यांमुळे. नाहीतर ते त्यांच्याबरोबरच गेले असते.

मी काय केलं ते सांगते. इंदूरच्या त्याच नंबरवर बाईंच्या मुलाला लिहिलं. मी कोण, ओळख कशी झाली, हे दोन ओळींत. कशाने गेल्या, शेवटी काय झालं, हे विचारलं नाही. तो प्रश्न घरच्यांना पुन्हा तिथेच नेऊन उभा करतो. पुढे त्यांची एक आठवण लिहिली, कुकरच्या शिट्टीची. आणि विचारलं, त्यांची गाणी माझ्याकडे आहेत, पाठवू का? त्या जे खासगीत बोलल्या होत्या, घरातल्या माणसांविषयी, कधी रागाने, कधी रडून, ते मी पाठवलं नाही आणि पाठवणारही नाही. हे फार महत्त्वाचं आहे. विश्वासाने सांगितलेली गोष्ट मेलेल्या माणसाची असली तरी त्याचीच असते. द्यायचं ते त्याने चारचौघांत दिलं असतं असंच.

मुलाचं उत्तर आलं: "आई गात होती? आम्ही तिला कधी गाताना ऐकलंच नाही." साठीतला मुलगा. त्यांच्या घरात माळव्याची रीत चालायची, सासरी धालोचं कोणाला काही माहीत नव्हतं, म्हणून बाईंनी ते गाणं मनात बंद करून ठेवलं असावं. मी सगळी गाणी पाठवली. पुढे त्याने लिहिलं की ती घरात सगळ्यांनी बसून ऐकली आणि शिट्टी आली तिथे सून रडली, कारण कुकर लावलेला असायचा तो तिनेच. त्या वेळी ती चार पावलांवर होती आणि सासू गातेय हे तिला कळलं नव्हतं. दार लावून गात असतील. हे वाचल्यावर मला माझं रडू आलं, आणि या वेळी ते थांबवावंसं वाटलं नाही.

तेव्हा दोन्ही बाजूंच्या माणसांना माझी विनंती आहे. घरच्यांनो, माणूस गेला की नातेवाइकांना फोन करता तसा त्याच्या फोनमधल्या रोज बोलणाऱ्यांनाही एक निरोप द्या. नुसता फोटो बदलू नका. त्यातलं कोणीतरी रोज त्या एका टिकेकडे पाहत असतं. वर्तमानपत्रात निधनवार्ता देता, तशीच चार ओळींची वार्ता तिथे द्या आणि कोणाशी बोलायचं ते लिहा. समाचाराला कोणी दूरवरून फोन केला आणि नाव ओळखीचं वाटलं नाही, तर "तुम्ही कोण?" याआधी "बोला" म्हणा. ज्यांना असे मित्र आहेत त्यांनी आपल्या कपाटात, विम्याच्या कागदांजवळ, एका कागदावर त्यांची नावं आणि नंबर लिहून ठेवावेत. गूगलने २०१३ पासून सोय केली आहे की खातं ठराविक महिने बंद राहिलं तर आपण नेमलेल्या माणसाला आपोआप कळतं. फेसबुकवरही २०१५ पासून आपल्यामागे खातं सांभाळणारा नेमता येतो. मुलांकडून लावून घ्या. पण कागद लिहाच, कारण परवलीचा शब्द माणसाबरोबर जातो आणि कागद कपाटात सापडतो.

आणि शेजाऱ्यांनो, कोणी सांगितलं की न पाहिलेलं माणूस गेलं, तर पेज घेऊन जा. तुमच्या कोण, हे नंतर विचारा.

इंदूरच्या घरून परवा पुन्हा निरोप आला. बाईंची सून आणि नात पौषात येणार आहेत. मांडावर उभं राहता येईल का, असं नातीने विचारलंय. मांडकरीण बायकांशी मी बोलले. त्यांची हरकत नाही, फक्त तिने आधी दोन दिवस येऊन पावलं शिकावीत असं त्यांचं म्हणणं आहे. त्या तिसऱ्या ओळीवरून मात्र आमच्याकडे अजून वाद चालू आहे. निम्म्या बायका म्हणतात केरीची ओळ बरोबर, निम्म्या म्हणतात बाईंची. या वर्षी दोन्ही म्हणायच्या ठरल्या आहेत: एका ओळीने आपली, समोरच्या ओळीने शिरोड्याची. नात समोरच्या ओळीत उभी राहील. तेरेखोलच्या फेरीबोटीची वेळ मी तिला कळवून ठेवली आहे.